काज-बटन बाकी

आमच्या कामात कागद फार जमतात. कपाट भरलं की जुने कागद सुतळीने बांधून माळ्यावर टाकता येतात. किश्शांचं तसं नाही, ते कुठे टाकणार? चहा उकळायला ठेवला की एक आठवतो, बसमध्ये खिडकी मिळाली की दुसरा, आणि मी एकटीच हसत बसते. माझी मुलं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वाढलेली, ती विचारतात, "मम्मी, क्या हुआ?" आता आपल्या बोलीतला किस्सा हिंदीत समजावून सांगायचा म्हणजे त्यातलं हसू वाटेतच सांडतं! म्हणून म्हटलं, एकदा तुम्हालाच सांगून मोकळी होते.

आमच्या मंडळाचं कागदावरचं नाव आहे 'जीवन परिवर्तन सहयोग समन्वय समिती'. नाव संपेपर्यंत चहा निवतो. काम मात्र साधं आहे. कोणाचा नवरा जातो, कोणाला लकवा मारतो, कोणाचा पाय कापावा लागतो. एका दिवसात माणसाचं सगळं आयुष्य बदलतं. मग त्याच्याकडे दवाखान्याने वेगळं, पेन्शनच्या खात्याने वेगळं आणि आमच्यासारख्या संस्थेने तिसरंच वेगळं जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जावं, एवढंच. दर मंगळवारी बालाघाटात आमची बैठक होते. त्यामुळे लोकांनी ते लांबलचक नाव टाकून दिलं आणि आम्हाला 'मंगळवारवाले' करून टाकलं.

मंगळवारवाले म्हणजे आम्ही चौघं. बिसेन सर फिजिओथेरपिस्ट, माणूस देवासारखा, पण पत्ता शोधण्यात कच्चा. तिवारी बाबू एका सरकारी खात्यातले, फॉर्मशिवाय नमस्कारसुद्धा न घेणारे. रंगारीताई कटंगीच्या 'आशा' सेविका, घराघरात जाऊन औषधपाणी, लसीकरण बघणाऱ्या. आणि मी, संगीता, एका लहानशा संस्थेची समुपदेशक. माहेर तुमसरचं, त्यामुळे मराठी माणसाकडे जायचं असलं की मलाच पुढे ढकलतात.

कटंगीला पहिली सभा घेतली तेव्हाची गंमत. आम्ही बोर्ड लावला, 'जीवन परिवर्तन, सबका स्वागत है'. सभेला ही गर्दी! बाया घरून सतरंज्या घेऊन आल्या, एका आजीने तर टाळ आणले होते. बिसेन सरांनी तासभर लकवा झाल्यावर हात कसा हलवायचा ते दाखवलं. सगळ्यांनी त्यांच्याबरोबर मन लावून हात वर-खाली केले. शेवटी त्या आजी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, महाराज चांगले हायेत. पन प्रसाद कुठी हाय?"

*

आमचे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत, शालिकरामभाऊ टेलरांचे. कटंगीत बाजाराच्या रस्त्याला त्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. तीस वर्षं अर्ध्या कटंगीच्या पँटी त्यांनी शिवल्या. मग शुगरने घात केला. उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळत गेली, आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. पायाने चालवायची शिलाई मशीन, आणि टेलरचा पायच गेला! नागपूरहून ऑपरेशन करून आले त्या दिवशी त्यांनी मशीनवर जुनी चादर टाकली आणि बायकोला, कुसुमवहिनींना म्हणाले, "कोनाले देऊन टाक. टेलरचा पाय गेला म्हन्जे टेलरच गेला." आता हा माणूस पुन्हा मशीनवर बसतो की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि त्यासाठी आम्ही चौघं कंबर कसून निघालो.

पहिल्याच भेटीत मी घोळ केला. कुसुमवहिनींना म्हटलं, "काळजी करू नका वहिनी. मी भाऊंना रेफर करते."

वहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मला वाटलं, बिचारीला बरं वाटलं असेल, कोणीतरी लक्ष घालतंय म्हणून. मी माझा फॉर्म भरत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर दारात पंचवीस चपला! तुमसरचे मेहुणे, गोंदियाच्या बहिणी, उकव्याच्या खाणीतला भाचा रजा टाकून आलेला. सगळे डोळे पुसत बसलेले. मध्ये शालिकरामभाऊ खाटेवर पोहे खात बसलेले. मला पाहून थोरली बहीण हात जोडून म्हणाली, "ताई, खरं सांगा. किती दिवस हायेत?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे दवाखान्यातून माणसाला गोंदियाला नाहीतर नागपूरला कधी पाठवतात? इथले डॉक्टर हात टेकतात तेव्हा. 'रेफर केलं' म्हटलं की लोक आधी रडतात आणि मग गाडी बघतात. आणि मी त्यांना रेफर करत होते कुठे, तर बिसेन सरांकडे, व्यायामाला!

शालिकरामभाऊ पोहे संपवून शांतपणे म्हणाले, "ताई, रेफर तर झालोच हौ. पन या निमित्तानं बहिणी आल्या भेटाले. आता पोह्यांचं तुमी पाहा."

*

मिळून काम करायचं म्हणून आम्ही निघालो खरे, पण प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. मी गेले, विचारलं नाव, वय, पाय कधी गेला, कुठून गेला. दोन दिवसांनी तिवारी बाबूंच्या खात्याचा माणूस गेला, नाव, वय, पाय कधी गेला. मग दवाखान्यातून कोणी, मग आणखी कोणी. कुसुमवहिनी प्रत्येकाला चहा करत होत्या आणि भाऊ प्रत्येकाला पाय कापल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

एका सोमवारी मी गेले तर दाराला टेलरच्या पावतीबुकातला कागद चिकटवलेला. मापाची पावती. वर 'लंबाई, कमर, सीट' असे छापील रकाने आणि खाली भाऊंचं वळणदार अक्षर:

"नाव शालिकराम. वय अठ्ठावन. उजवा पाय नाही, गुडघ्याखालून. डावा पाय हाय. शुगर हाय. तंबाखू सोडली. हे सगळं सांगून झालं हाय. चहा पाह्यजे असन तर आत या."

मी तो कागद काढून मंगळवारी बैठकीत टेबलावर ठेवला. आम्ही चौघांनी तो आळीपाळीने वाचला. तीन महिने 'सामायिक नोंद' कशी असावी यावर आमच्या चर्चा चालल्या होत्या, आणि ती या माणसाने पावतीच्या एका पानात बसवली होती! तिवारी बाबूंनी मात्र कागद उलटून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "इसमें पिता का नाम नहीं है."

*

मग गाड्यांचा किस्सा. माझ्या संस्थेने भाऊंसाठी व्हीलचेअरचा अर्ज टाकला. तिवारी बाबूंनी त्यांच्या खात्यातून हाताने चालवायच्या तीनचाकीचा टाकला. दवाखान्यात काही दानशूर मंडळींनी तीनचाक्यांचं वाटप ठेवलं, तिथे बिसेन सरांनी भाऊंचं नाव दिलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपण गुपचूप काम करून मंगळवारी सगळ्यांना चकित करू!

एकाच आठवड्यात तीन गाड्या दारात. एक व्हीलचेअर, दोन तीनचाक्या. दुकानाला दोन पायऱ्या, त्यामुळे एकेक गाडी चढवायला चार माणसं लागत आणि उतरवायला पाच. शेवटी तिन्ही गाड्या दुकानातच उभ्या राहिल्या. मशीन त्यांच्या मागे दिसेनाशी झाली. एका गाडीवर वहिनी ओले कपडे वाळत घालू लागल्या, दुसरीत शेजारच्या कोंबडीने अंडी घातली.

मंगळवारी बिसेन सर दवाखान्यात अडकले, म्हणून आम्ही तिघंच माफी मागायला कटंगीला गेलो. भाऊंनी आम्हाला तिन्ही गाड्या फिरवून दाखवल्या, एखादा शेठ आपल्या मोटारी दाखवतो तशा. मग म्हणाले, "बाकी काही म्हननं नाही. फक्त तुमी आता एक ड्रायवर तेवढा द्या!"

*

या घोळातून सुटायला आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कोण कधी कुठे चाललंय, ते आधी लिहायचं. रंगारीताईंनी सगळ्यांना भाऊंचा नंबर पाठवायचं ठरवलं आणि बोट चुकून दुसरीकडे पडलं. नंबर पाठवला गेला नाही, शालिकरामभाऊच ग्रुपमध्ये आले. आम्हा कोणाला पत्ता नाही.

चार दिवसांनी बिसेन सरांनी लिहिलं, "शालिकराम, कटंगी. तीन बार गया. घर पर नहीं मिलता. पेशंट नॉन-कोऑपरेटिव."

लगेच एका अनोळखी नंबरावरून उत्तर आलं, "मी घरीच हौ सर. दोन महिन्यापासून घरीच हौ. एका पायावर कुठी जाईन?"

मग तिवारी बाबू, "ये कौन हैं?"

उत्तर, "केस."

मी तर कपाळाला हात लावला. मग भाऊंचाच पुढचा मेसेज आला, "सर, तुमी गेलते ते शालिकराम भाजीवाले. ते बाजारात असतात. त्यायचे दोन्ही पाय हायेत."

बिसेन सर तीन वेळा एका धडधाकट माणसाच्या घरी पाय बघायला गेले होते, आणि भाजीवाल्याच्या बायकोने एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही काहून येऊन राह्यले!

मंगळवारी भाऊंना ग्रुपमधून काढायचा विषय निघाला. पण तोवर ग्रुपवर रोज सकाळी त्यांचे मेसेज येत होते. "उद्या रंगारीताई येऊन राह्यल्या. बिसेन सर, तुमी परवा या. दोघं एकाच दिवशी आले तर दूध पुरत नाही." "तिवारी साहेब, तुमचा फॉर्म भरून ठेवला हाय, याल तवा घेऊन जाजा." मी वही काढून पाहिली. ते ग्रुपमध्ये आल्यापासून एकाच कामासाठी दोघं गेलो, असं एकदाही झालं नव्हतं. तेव्हा ठरलं की दुसऱ्या कोणाची गोष्ट या ग्रुपवर लिहायची नाही, आणि भाऊंना काढायचं नाही. समन्वयासाठी आम्हाला जो माणूस हवा होता, तो चुकून सापडला होता.

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मशीनवरची चादर निघत नव्हती. तेच मला आतून खात होतं.

बिसेन सर व्यायाम सांगत, "भाऊ, बायाँ पैर ऊपर-नीचे. बीस बार."

"कायले?"

"ताकत आएगी."

"ताकद येऊन करू काय?"

यावर सर स्वतःचाच पाय वर-खाली करून दाखवायचे. मी समुपदेशक आहे, माझ्याकडे अशा वेळी बोलायची बरीच वाक्यं आहेत. त्यांतली दोन बोलून पाहिली. भाऊंनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, चहा घ्या."

रंगारीताई मंगळवारच्या बैठकांमध्ये फार बोलत नाहीत. कोपऱ्यात बसतात, बिस्किटातलं अर्धं मोडून पिशवीत ठेवतात. एका बुधवारी त्या भाऊंकडे आल्या तेव्हा मी आणि बिसेन सर तिथेच होतो. त्यांनी पिशवीतून कुबडीसाठी लहानशी उशी काढली. काखेत लाकूड टोचतं म्हणून घरी हाताने शिवून आणलेली.

भाऊंनी ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. चेहरा असा झाला की कोणी त्यांना कारलं चारलंय.

"ताई, हे शिलाई हाय का गांडूळ?"

"मले कुठी येते भाऊ," रंगारीताई म्हणाल्या. "डोयाले दिसत नाही आता. चालवून घ्या."

"चालवून घ्या? हे काखेत घेऊन मी कटंगीत फिरू? लोकं म्हनतीन, शालिकराम टेलरनं शिवली!"

"कोन पाह्यते काखेत?"

"मी पाह्यतो न!" भाऊ ओरडले. मग मागे वळून, "ओ कुसुम! या गाड्या सरकव!"

आम्ही तिघांनी गाड्या ओढल्या. कोंबडी फडफडत बाहेर गेली. वहिनींनी चादर उचलली, धूळ उडाली. भाऊ कुबड्या टेकत स्टुलावर बसले, डावा पाय मशीनच्या पायडलवर ठेवला. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. तिसऱ्या वेळी चाक सुलटं फिरलं आणि मशीन तो आवाज करू लागली, खडखड खडखड, जो त्या घरात कितीतरी दिवसांत झाला नव्हता. कुसुमवहिनी चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. माझेही डोळे भरून आले, लपवून काय करायचं.

बिसेन सर दारात उभं राहून पुटपुटत होते. मला वाटलं प्रार्थना करतायत. जवळ गेले तर मोजत होते, "एक सौ अस्सी... एक सौ इक्यासी..."

बाहेर आल्यावर मी रंगारीताईंना म्हटलं, "बरं झालं, तुम्हाला शिवता येत नाही ते."

त्या पिशवीची गाठ मारत म्हणाल्या, "काहून नाही येत? माझ्या दोन्ही पोरींचे फ्राक मीच शिवले. ते उशी पयल्यांदा सरळच आलती ताई. उसवून वाकडी केली."

*

एका पायाने मशीन चालू झाली, पण भाऊ तेवढ्यावर खूश नव्हते. कारण कटिंग उभ्यानेच होतं. टेबलावर कापड पसरायचं, दोन पायांवर भार द्यायचा आणि कात्री चालवायची. बसून फक्त रफू आणि चेन बदलणं. ते म्हणत, "ताई, दुसऱ्याच्या पँटीले चेन लावनारा टेलर नसते. कापते तो टेलर." लग्नाचा सीझन जवळ येत होता. तोवर नकली पाय आला तर गिऱ्हाईक परत येईल, नाहीतर रेडिमेडच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक कायमचं गेलं. म्हणजे आता सगळं त्या पायावर अडलं होतं.

बालाघाटला पायाचं शिबिर होतं. चुकलं तर पुढचं कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही चौघंही भाऊंना गाडी करून घेऊन गेलो, म्हणजे या वेळी तरी कसर नको! टेबलावरच्या माणसाने फॉर्म पाहिला आणि म्हणाला, "माप का खाना खाली है. माप कहाँ है?"

मी बिसेन सरांकडे पाहिलं, कारण पाय त्यांचा विषय. बिसेन सरांनी रंगारीताईंकडे पाहिलं, कारण त्या घरी जातात. रंगारीताईंनी तिवारी बाबूंकडे पाहिलं, कारण फॉर्म त्यांचा. तिवारी बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. चार खाती, आणि माप कोणीच घेतलं नव्हतं! मागची रांग पुढे ढकलू लागली, माणूस फॉर्म बाजूला ठेवू लागला.

शालिकरामभाऊंनी गळ्यातला टेप काढला, एका दमात डावा पाय मापला, मग उजवा मापला जिथवर होता तिथवर, आणि कानामागची पेन्सिल काढून रकाना भरला.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "आन् अर्धा इंच लूज ठेवा. उनाळ्यात पाय सुजते."

*

साचा घेतला, पाय तयारही झाला. आता खात्यातून मंजुरीची सही झाली की पाय भाऊंच्या हातात. या टप्प्यावर तिवारी बाबू स्वतः कटंगीला गेले. मीही होते. बाबू मोठ्या उत्साहाने म्हणाले, "भाऊ, काम हो गया समझो! सिर्फ साइन बाकी है. मंगलवार को देखते हैं."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावल्या.

"साहेब," भाऊ डोळे पुसत म्हणाले, "हे तर माझं वाक्य हाय!"

"कौन सा?"

"तीस साल मी गिऱ्हाईकाले हेच सांगतलं. पँट झाली, फक्त काज-बटन बाकी हाय, मंगळवारी या!"

"तो? मंगलवार को दे देते थे न?"

"कुठचं, साहेब! तवा कापड कापलंबी नसे!"

तिवारी बाबूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. परतीच्या बसमध्ये ते कटंगीपासून वारासिवनीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "मैडम, फाइल अभी मेरी टेबल पर ही है."

त्या दिवसापासून आमच्या बैठकीतून 'प्रक्रियाधीन' हा शब्द गेला. कोणी विचारलं, काम कुठवर आलं, की खरं काय ते सांगायचं. कापड आणलं, कापलं, शिवून राह्यलो, का काज-बटन बाकी. हिंदीवाले तिवारी बाबूसुद्धा आता वरच्या साहेबांपुढे म्हणतात, "सर, इसमें काज-बटन बाकी है." साहेब मान डोलवतात. त्यांना वाटतं, नवीन सर्क्युलर असेल!

*

फाईल बाबूंच्या टेबलावरून त्याच दिवशी उठली, ते खरं. पण आमची बैठक व्हायची त्याच ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, मोठ्या साहेबांकडे जाऊन बसली. तीन मंगळवार गेले. आम्ही विचारायचो आणि बाबू मान खाली घालून म्हणायचे, "सच में काज-बटन ही बाकी है." लग्नाचा सीझन सुरू झाला होता. ग्रुपवर भाऊंचे मेसेज कमी झाले, आणि मग दोन दिवस आलेच नाहीत. मला झोप लागेना. वाटायचं, चादर पुन्हा मशीनवर गेली की काय.

चौथ्या मंगळवारी बैठक चालू असताना दार ढकललं गेलं. कुबड्यांवर शालिकरामभाऊ, मागे कुसुमवहिनी, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. कटंगीहून पहिल्यांदाच बसने आलेले, घामाघूम.

तिवारी बाबू म्हणाले, "अरे भाऊ! घर में तीन-तीन गाड़ियाँ, और आप बस से?"

"तिन्हीवर कपडे वाळून राह्यले, साहेब."

बिसेन सरांनी खुर्ची दिली. भाऊ बसले, दम घेतला आणि वहिनींच्या हातातलं गाठोडं टेबलावर, आमच्या कागदांवरच सोडलं. आत पँट होती. नवी, गडद निळी, कडक इस्त्री केलेली.

"कोणाची?" मी विचारलं.

"माझी," भाऊ म्हणाले.

"सोता कापली ताई," वहिनी मध्येच बोलल्या. "उभ्यानं. दोन दिवस लागले. एका कुबडीवर उभे, अन् मी मागून कमरेले धरून. हात भरून आले माझे, पन सोडलं नाही."

बिसेन सरांनी पँट उचलून समोर धरली. शिलाई अशी की बघत राहावं. सर ती बघता बघता थांबले. दोन्ही पाय सारखे होते. डावा जेवढा लांब, तेवढाच उजवा. खाली दोन्हीकडे नीट तुरपाई केलेली.

रंगारीताईंनी हातातलं अर्धं बिस्कीट बशीत ठेवलं.

तिवारी बाबूंनी पँट हातात घेतली, बटण लावून पाहिलं, काज बोटाने चाचपले. मग म्हणाले, "बढ़िया. तो पूरी हो गई?"

"हौ साहेब," शालिकरामभाऊ म्हणाले. "काज-बटन सगळं झालं. फक्त पाय बाकी हाय."

बाबूंनी पँटीची घडी घातली, अगदी सावकाश, आणि भाऊंच्या मांडीवर ठेवली. मग चहा तसाच टाकून ते उठले आणि एकही फॉर्म न घेता वरच्या मजल्याच्या जिन्याकडे निघाले. आम्ही त्यांना त्या ऑफिसात कधी पायऱ्या चढताना पाहिलं नव्हतं. ते दोन-दोन पायऱ्या एकदम चढू लागले.

भाऊंनी खालून हाक मारली, "आरामानं जा, साहेब! गिऱ्हाईक काही पळून नाही जात!"